ठाऊक असूनही : महाभारतातील भगवंताचे पूर्वज्ञान आणि माणसाचे स्वातंत्र्य

मूल जन्मल्यानंतर सहाव्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, शेजारी दिवा लावायचा आणि सटवाईने येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहावे म्हणून घर जागे ठेवायचे, ही चाल महाराष्ट्रातल्या अनेक घरांत अजून पाळली जाते. सकाळी कागद कोराच असतो. त्याचे कोणाला नवल वाटत नाही, कारण लिहिलेले आपल्याला वाचता येत नाही हे सर्वांनी आधीच मान्य केलेले असते. पुढे त्याच घरात कोणी अकाली गेले की समाचाराला आलेली माणसे म्हणतात, ‘लिहिलेलेच होते.’ त्या दुःखात ते वाक्य आधार देते. पण उपचाराला उशीर ज्याच्यामुळे झाला, तोही कोपऱ्यात बसून हेच वाक्य म्हणत असेल तर? शब्द तेच, पण पहिल्या तोंडी ते सांत्वन असते आणि दुसऱ्या तोंडी पळवाट.

ईश्वराचे पूर्वज्ञान आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा मेळ बसतो का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तो महाभारताच्या आधारे तपासायचा आहे. महाभारतात सर्वज्ञ मानला गेलेला श्रीकृष्ण स्वतः कथेत वावरतो, शिष्टाई करतो, अपयशी ठरतो आणि त्याचा जाबही त्याला द्यावा लागतो. त्यामुळे एरवी तर्काच्या पातळीवर राहणारा हा प्रश्न येथे माणसांच्या तोंडून, ठरावीक प्रसंगी विचारला जातो. तो कोण विचारतो आणि केव्हा विचारतो, याकडे आपल्या टीकाकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

१

आधी प्रश्न नीट मांडू. उद्या मी अमुक कृत्य करणार हे ईश्वराला आजच ठाऊक आहे. ईश्वराचे ज्ञान खोटे ठरू शकत नाही. म्हणजे उद्या ते कृत्य माझ्या हातून टळू शकत नाही. जे टळू शकत नाही ते मी स्वेच्छेने केले असे कसे म्हणावे? आणि स्वेच्छेने केले नसेल तर त्याचे पाप-पुण्य माझ्या माथी का?

युरोपात या कोड्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर बोएथियस या रोमन विचारवंताने सहाव्या शतकात, मृत्युदंडाची वाट पाहत कैदेत असताना लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : एखादा माणूस चालताना मला दिसतो, तेव्हा तो चालतो आहे हे माझे ज्ञान खरे असते, पण माझ्या पाहण्याने त्याचे पाय हलत नाहीत. ईश्वर काळाच्या बाहेर असल्यामुळे भूत, वर्तमान आणि भविष्य त्याला एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. त्याच्यापुरते ‘पूर्व’ज्ञान असे काही नसतेच, असते ते केवळ पाहणे.

उत्तर देखणे आहे, पण ते काळाबाहेरच्या ईश्वरालाच लागू पडते. १९६५ साली नेल्सन पाइक या अमेरिकन तत्त्वज्ञाने एका गाजलेल्या निबंधात नेमकी अडचण दाखवली. ईश्वर काळातच असेल, तर त्याचे माझ्याविषयीचे ज्ञान ही कालची घटना ठरते आणि कालची घटना आज कोणालाच बदलता येत नाही. श्रीकृष्ण तर पूर्णपणे काळात उतरलेला आहे. त्याला वय आहे, नातीगोती आहेत, रथाचे घोडे पाजायचे आहेत. गीतेच्या सातव्या अध्यायात तो सांगतो की, होऊन गेलेले, असलेले आणि होणारे सारे जीव त्याला ठाऊक आहेत. बोएथियसची वाट त्याला मोकळी नाही. मग व्यासांनी कोणती वाट काढली?

२

महाभारतात ‘माणूस स्वतंत्र नाही’ हा सिद्धान्त अगदी स्पष्ट शब्दांत कोण सांगतो? धृतराष्ट्र. तेही केव्हा, तर युधिष्ठिराला द्यूतासाठी बोलावून आण असे विदुराला सांगताना. विदुर धोका दाखवतो. त्यावर आंधळा राजा उत्तरतो की, दैव प्रतिकूल नसेल तर कलहाचा ताप होणार नाही आणि हे सगळे जग विधात्याने नेमून दिल्याप्रमाणेच चालते, स्वतंत्रपणे चालत नाही. सभापर्वातल्या या संवादात सिद्धान्त म्हणून काही वावगे नाही. एखाद्या भाष्यात तो शोभूनही दिसला असता. पण व्यासांनी तो अशा माणसाच्या तोंडी घातला आहे, ज्याला एका शब्दाने द्यूत थांबवता आले असते. अनर्थ अजून घडायचा आहे, निमंत्रण अजून निघायचे आहे आणि दैवाचे नाव मात्र आधीच घेतले गेले आहे.

याच्या उलट बाजूला द्रौपदी. वनपर्वात ती युधिष्ठिराला म्हणते की, लाकडी बाहुलीचे अवयव सूत्रधाराने हलवावेत तसा ईश्वर माणसांना हलवतो. पण ती तेथे थांबत नाही. केलेले कर्म कर्त्यालाच चिकटत असेल, तर या पापाचा डाग ईश्वरालाही लागला पाहिजे, असे ती ठणकावते. युधिष्ठिर या बोलण्याला नास्तिक्य म्हणतो. पुढे तीच द्रौपदी दैव, यदृच्छा, स्वभाव यांचा वाटा मान्य करून प्रयत्नाची बाजू मांडते आणि पतीला हातपाय हलवायला सांगते. बाहुलीचा दृष्टान्त दोघांनाही चालण्यासारखा आहे. धृतराष्ट्र तो जबाबदारी टाकण्यासाठी वापरील, द्रौपदी जबाबदार कोण हे विचारण्यासाठी वापरते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दैवाला जाब विचारणे आणि ज्याच्या हातात अन्याय रोखणे होते त्याने दैवाकडे बोट दाखवणे, या दोन क्रिया महाभारत एका पारड्यात तोलत नाही.

३

आता खुद्द जाणत्याकडे वळू. उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला निघतो तेव्हा दुर्योधन ऐकणार नाही याविषयी त्याच्या मनात शंका दिसत नाही. निघण्यापूर्वी तो अर्जुनाला शेतीचा दाखला देतो. जमीन नांगरून, निगराणी करून तयार केली तरी पावसावाचून पीक येत नाही. पाटाचे पाणी देऊन माणूस तेथेही प्रयत्न करतो, पण दैवयोगाने तेही पीक वाळून गेलेले दिसते. म्हणून कार्य दोहोंवर अवलंबून आहे. यानंतर तो जे म्हणतो ते विचारात पाडणारे आहे. पुरुषप्रयत्नाने जितके शक्य आहे तितके मी करीन, पण दैवाचे काम करणे मला कोणत्याही प्रकारे शक्य नाही.

ज्याला भाविक दैवाचाही नियंता मानतात, तो स्वतःच्या हाताची मर्यादा सांगतो आहे. यावर दोन सोपी स्पष्टीकरणे संभवतात. एक, हा थर जुना आहे आणि यातला कृष्ण अजून देव झालेला नाही. दोन, ही लीला आहे, मनुष्यरूपाचा अभिनय आहे. पहिले स्पष्टीकरण ग्रंथाच्या इतिहासाविषयी काही सांगते, पण आज आपल्यासमोर असलेल्या ग्रंथात हा कृष्ण आणि विश्वरूप दाखवणारा कृष्ण एकच आहे, याचे काय करायचे ते सांगत नाही. दुसऱ्याने शिष्टाईचा सगळा आटापिटा नाटकी ठरतो.

हस्तिनापुरात विदुरही कृष्णाला सांगतो की, तुमचे बोलणे वाया जाईल, तुम्ही यायला नको होते. कृष्णाचे उत्तर असे की, दुर्योधनाचा दुष्टपणा मला ठाऊक आहे, तरी धर्मकार्यासाठी शक्तीनुसार झटणाऱ्याला ते साधले नाही तरी त्याचे पुण्य मिळतेच. शिवाय, समर्थ असूनही कृष्णाने भांडणाऱ्यांना आवरले नाही असे अजाण लोकांनी पुढे म्हणू नये. म्हणजे निकाल ठाऊक असणे हे प्रयत्न न करण्याचे कारण होऊ शकत नाही, ही गोष्ट ज्याला निकाल ठाऊक आहे तोच सांगतो आहे. ‘असेल हरी तर देईल खाटल्यावरी’ या वृत्तीला महाभारतातला हरीच साथ देत नाही. तो स्वतः रथ जोडून शिष्टाईला जातो.

येथे ज्ञान आणि कर्तृत्व यांची फारकत होते. काय होणार हे जाणणे वेगळे आणि मी काय करावे हे ठरवणे वेगळे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती असले तरी दुसरा प्रश्न सुटत नाही. तो तसाच उभा राहतो, अगदी ईश्वरापुढेही.

४

हीच फारकत मनुष्याच्या बाबतीत पाहायची असेल तर कर्णाकडे जावे लागते. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात बसवून त्याचे जन्मरहस्य सांगतो आणि ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पुढे तो होणाऱ्या युद्धाला यज्ञाचे रूपक देतो आणि कृष्णाला त्यातला अध्वर्यू म्हणतो. शकुन सांगतो, स्वप्न सांगतो. त्या स्वप्नात युधिष्ठिर भावांसह हजार खांबांच्या प्रासादावर चढताना त्याने पाहिला आहे. विजय पांडवांचाच होणार, आपण मरणार, हे कर्णाला कृष्णाइतकेच स्वच्छ दिसते आहे.

तरी तो निवडतो आणि निवडीची कारणे देतो. राधेने आणि अधिरथाने लावलेली माया, सूतकुळात झालेले विवाह, मुलेबाळे, दुर्योधनाने आपल्या भरवशावर उचललेले शस्त्र. सगळी कारणे मागच्या निष्ठांची आहेत. पुढच्या फळाचे त्यात एकही नाही. आणि मग तो अशी एक गोष्ट बोलतो जी आपल्या मराठी कर्णप्रेमात फारशी ऐकू येत नाही. दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी जे कठोर बोललो, त्या कृत्याचा मला आज पश्चात्ताप होतो.

पश्चात्ताप हा स्वातंत्र्याचा मोठा पुरावा आहे. पाऊस पडल्याचे दुःख होते, पण पाऊस पाडल्याचा पश्चात्ताप कोणाला होत नाही. जे मी केले आणि न करता येण्यासारखे होते, त्याचाच पश्चात्ताप होतो. कर्णाला जन्म दैवाने दिला, शाप दैवाने दिले, मृत्यूही ठरलेला दिसतो आहे. तरी सभेतले शब्द तो दैवाच्या खाती टाकत नाही. ते माझे, असे म्हणतो.

‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, ‘राधेय’ त्यानंतर काही वर्षांनी. या कादंबऱ्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या नाटकांनी, व्याख्यानांनी मराठी मनात जो कर्ण ठसवला तो मुख्यतः नियतीने छळलेला आहे. त्या कर्णासाठी आपण रडलो, आणि त्या रडण्यात खोटे काही नाही. पण नियतीचा बळी ठरवून आपण त्याची मोठी ठेव काढून घेतली. बळीला पश्चात्तापाचा अधिकार नसतो. दुसऱ्या टोकाला, इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ महाभारतातल्या व्यक्तींना माणसे म्हणून पाहते. त्यामुळे त्यांची जबाबदारी त्यांना परत मिळते. मात्र सर्वज्ञ कृष्णच दृष्टीआड झाल्यामुळे पूर्वज्ञानाचा प्रश्नही दृष्टीआड होतो. व्यासांचा कर्ण या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याला सगळे दिसते आहे आणि तरी तो कर्ता आहे.

हे कर्तृत्व केवळ मनातल्या मनात राहत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. कुंतीला तो शब्द देतो की, अर्जुनाखेरीज तुझ्या मुलांना मी मारणार नाही. तुझे पाच पुत्र पाचच राहतील. युद्धात भीम, सहदेव, नकुल, युधिष्ठिर हे चौघेही कधी ना कधी त्याच्या हाती सापडतात आणि तो त्यांना जिवंत सोडतो. युद्धाचा शेवट ठरलेला असेलही. त्या शेवटाला ते चौघे जिवंत पोहोचले ते एका माणसाने शब्द पाळला म्हणून.

५

येथवर मांडलेल्या विचारापुढे सर्वांत मोठी अडचण गीतेचीच आहे, आणि ती टाळून चालणार नाही. अकराव्या अध्यायात भीष्म, द्रोण, कर्ण विश्वरूपाच्या मुखात शिरताना अर्जुनाला दिसतात. हे माझ्याकडून आधीच मारले गेले आहेत, तू निमित्त हो, असे त्याला सांगितले जाते. अठराव्यात याहून कडक भाषा आहे. लढणार नाही असे म्हणशील तर तो निश्चय फुकट आहे, तुझी प्रकृती तुला लढायला लावील. ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून यंत्रावर बसवल्याप्रमाणे जीवांना फिरवतो. आणि लगेच दोन श्लोकांनी तोच वक्ता म्हणतो की, याचा पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसे कर.

ज्याला यंत्रावर फिरवले जात आहे त्याला ‘वाटेल तसे कर’ कसे सांगावे? आचार्यांनी हा ताण वेगवेगळ्या ठिकाणी सोडवला आहे. जीवाचे कर्तृत्व ईश्वराधीन आहे का, हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आला आहे. तेथे शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त घेतात. पाऊस सर्व रोपांना सारखाच; भात की जव हे ज्याच्या त्याच्या बीजावर. ईश्वर जीवाच्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच फळ देतो. रामानुजाचार्य सामाईक मालमत्तेचा दाखला देतात. दोघांच्या मालकीची वस्तू एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून देता येत नाही, पण देण्याचे फळ देणाऱ्याचेच. खातेफोडीचे कज्जे पाहिलेल्या मराठी वाचकाला हा दृष्टान्त चटकन पटावा. सही दोघांची लागते. व्यवहार ज्याने मांडला त्याचा असतो.

गीतेनेही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे मोजली आहेत आणि त्यांत दैव पाचवे आहे. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर या दैवाचा अर्थ इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा घेतात, नशीब असा घेत नाहीत. काही असो, पाचातले एक म्हणजे पाचही नव्हे. बाकीच्या चारांत कर्ता स्वतंत्रपणे मोजलेला आहे.

माझ्या मते यंत्राचा श्लोक आणि ‘वाटेल तसे कर’ हा श्लोक यांच्यामध्ये जो शब्द आहे तो निर्णायक आहे : विचार. लढणार नाही हा अर्जुनाचा पहिला निश्चय कृष्ण अहंकारातून आणि मोहातून आलेला म्हणतो. असा निश्चय यंत्राचाच भाग असतो. तो माणूस घेत नाही, त्याच्याकडून घेतला जातो. यंत्रावर बसलो आहोत हे कळल्यावर केलेला विचार मात्र त्या यंत्रात मोजता येत नाही. निमित्त हो, हीही एक आज्ञाच आहे. ज्याला नकार देता येत नाही त्याला कोणी आज्ञा करत नाही. नांगराला कोणी ‘चल’ म्हणत नाही, बैलाला म्हणतात.

याने तर्काचे कोडे सुटले असे मी म्हणणार नाही. काळात असलेल्या सर्वज्ञाचे कालचे ज्ञान आज कसे बदलावे, हा पाइकचा प्रश्न गीतेला विचारला तर सरळ उत्तर मिळत नाही. मिळते ते इतकेच की, कोडे सुटेपर्यंत कर्माचा निर्णय थांबवता येत नाही. दोन्ही सैन्ये समोर उभी आहेत.

६

युद्ध संपल्यावर तोच प्रश्न दोनदा विचारला जातो. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला म्हणते की, समर्थ असून तू उपेक्षा केलीस; छत्तीस वर्षांनी तुझे कुळही असेच नष्ट होईल. अश्वमेधपर्वात उत्तंक ऋषी हाच आरोप करून शाप द्यायला उठतो. विदुराजवळ कृष्णाने जे बोलून दाखवले होते ते अक्षरशः घडते. समर्थ असूनही आवरले नाही, असे लोक म्हणतातच. उत्तंकाला तो सांगतो की, मनुष्यजन्मात होतो म्हणून मनुष्यासारखी दीनवाणी याचना केली, त्यांनी ऐकली नाही. म्हणजे ऐकणे न ऐकणे त्यांच्या हाती होते.

गांधारीचा शाप तो हसून स्वीकारतो; हे मला ठाऊकच आहे, असे म्हणतो. स्वतःच्या कुळाच्या नाशाबद्दल तो दैवाचे नाव घेतो. पण लगेच तिला सुनावतो की, कौरव तुझ्याच अपराधाने गेले, स्वतःचा दोष माझ्यावर का ठेवतेस? हा न्याय मला कठोर वाटतो. याच गांधारीने द्यूतानंतर दुर्योधनाचा त्याग करा असे पतीला सांगितले होते. शिष्टाईच्या वेळी भरसभेत मुलाची कानउघाडणी केली होती. शंभर पुत्रांची प्रेते समोर असलेल्या आईला तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळाले, असे म्हणवत नाही. व्यासांनीही तिला पटवल्याचे दाखवलेले नाही; कृष्णाचे बोलणे ऐकून ती गप्प होते.

तरी या सगळ्या प्रसंगांतून एक रीत दिसते. धृतराष्ट्र करण्याआधी दैवाचे नाव घेतो, करायचे टाळण्यासाठी. कृष्ण करून झाल्यावर घेतो, आपल्या वाट्याला आलेले सोसण्यासाठी. कर्ण मृत्यू दैवावर सोडतो, शब्द आपल्याकडे ठेवतो. पूर्वज्ञान आणि स्वातंत्र्य यांचा मेळ महाभारत सिद्धान्तात घालून देत नाही. दैव हा शब्द कोणी, केव्हा आणि कशासाठी उच्चारावा, याचे वळण मात्र घालून देते.

हे वळण जिवंत राहिल्याचे एक उदाहरण आपल्या जवळच्या काळातले आहे. २२ जुलै १९०८ रोजी ज्यूरीने दोषी ठरवल्यानंतर लोकमान्य टिळकांनी मुंबईच्या न्यायालयात सांगितले की, मी निर्दोष आहे, आणि माणसांचे भवितव्य चालवणाऱ्या वरिष्ठ शक्ती आहेत. माझ्या कष्टांनीच कार्याची भरभराट व्हावी अशी ईश्वरी इच्छा असेल. ते शब्द आज उच्च न्यायालयात कोरलेले आहेत. लेख लिहिताना त्यांनी ईश्वरी इच्छेची वाट पाहिली नव्हती. शिक्षा सोसताना तिचे नाव घेतले. पुढे मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, आणि त्याच्या दहाव्या प्रकरणाचा विषय निवडला तो कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य. वरिष्ठ शक्तींच्या हवाली झालेल्या माणसाने कोठडीत बसून आत्म्याच्या स्वातंत्र्याची बाजू मांडावी यात विसंगती वाटत असेल, तर आपण ‘लिहिलेलेच होते’ हे वाक्य धृतराष्ट्राकडून शिकलो आहोत असे समजावे.

सटवाईचा कागद सकाळी कोराच सापडतो. देवीने लिहिले असेलच, पण वाचता येईल असे काही त्यावर नाही. बाळाच्या आईला उठून दूध पाजायचेच असते.